.३०३ ली-एनफिल्डची पितळी केस: पुन्हा भरण्याआधी आतून चाचपा

ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलचा चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) मुद्दाम सैल ठेवलेला असतो. खंदकातल्या चिखलातही काडतूस आत बसायला हवं म्हणून. त्यामुळे बार उडाला की केसचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचा, खांदा (मानेखालचा उतार) पुढे सरकतो आणि बुडाच्या जरा वरचं पितळ ताणून पातळ होतं. नंतर फुल-लेंग्थ डायने (अख्खी केस दाबून मापात आणणाऱ्या साच्याने) खांदा मागे दाबला की पुढच्या बाराला पुन्हा तोच ताण. असं दोन-चारदा झालं की केसचे दोन तुकडे, आणि पुढचा तुकडा चेंबरमध्येच अडकतो.

पेपरक्लिप सरळ करा, टोक घासून अणकुचीदार करा, दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा. केसमध्ये बुडापर्यंत घालून भिंतीला टेकवत वर ओढा. बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर टोक खाचेत अडखळलं, तर केस भंगारात. बाहेरून तिथेच चकचकीत कडं दिसतं, पण ते उशिरा. भरवसा तारेवरच ठेवा.

उपाय सोपा: फक्त मान (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) साइझ करा, म्हणजे दाबून मापात आणा, आणि त्या केस त्याच रायफलसाठी वेगळ्या ठेवा. लांबी २.२२२ इंचांपुढे गेली की २.२१२ ला कापा. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे.