वजन उतरलं, पण पोट तसंच: काय बदललं

वजन ४ किलो उतरलं, दंड बारीक झाले, पोट मात्र जागच्या जागी. कारण सरळ होतं: जेवण निम्मं केलं, प्रोटीन मोजलंच नाही, म्हणून चरबीबरोबर स्नायूही घटले. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम ५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

७० किलो वजनाला रोज साधारण ११० ग्रॅम प्रोटीन धरलं. ४ अंड्यांतून २४, ५० ग्रॅम सुक्या सोया चंक्समधून २६, १०० ग्रॅम पनीरमधून १८, व्हेच्या (दुधापासूनची प्रोटीन पावडर) एका स्कूपमधून २४. उरलेलं डाळ, दही, पोळीतून. सोया उकळून घट्ट पिळायचा, नाहीतर उग्र वास राहतो. तेल चमच्याने मोजायचं. फोडणीत अंदाजाने ओतलेला एक मोठा चमचासुद्धा १२० कॅलरी वाढवतो. उपाशी राहायचं नाही, रोज ३००–४०० कॅलरीच कमी.

वजनं उचलायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा: स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं), डेडलिफ्ट. प्रत्येकी ३ सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा उचलणं. तिन्ही सेटमध्ये १२ नीट जमले की उचलायचं वजन अडीच किलोने वाढवायचं. वजनं तीच ठेवली तर स्नायूंना वाढायला कारणच उरत नाही. चालणं वेगळं.

काट्यापेक्षा बेंबीपाशी धरलेली टेप जास्त खरं सांगते. दर रविवारी, सकाळी उपाशीपोटी.