मृतांसाठी मिस्सा लावायची आहे? आधी हे वाचा

ऑक्टोबर सरत आला की आमच्या वसईकडच्या चर्चच्या ऑफिसात एकच मागणी: "बाबांची मिस्सा २ नोव्हेंबरलाच लावा." मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना; ती कुणाच्या नावे अर्पण करायची याची वही माझ्याकडे असते, त्यामुळे नाही म्हणायचं कामही माझंच. त्या दिवशी, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, फादरांना तीन मिस्सा करता येतात. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही मुभा दिली. पण तीनपैकी एक सर्व मृतांसाठी आणि एक पोपमहोदयांच्या हेतूंसाठी असते. तुमच्या-माझ्या बाबांसाठी उरते एक. तेव्हा तारखेचा हट्ट सोडा. पुण्यतिथीला लावा, नाहीतर एखाद्या साध्या मंगळवारी. देवाला सगळे वार सारखेच.

पाकिटात किती घालायचे, हे दबक्या आवाजात विचारू नका. ते दान आहे, दर नव्हे. पैसे नसतील तरी या. गरजूंसाठी दान न घेताही मिस्सा करावी, असं चर्चचा कायदाच फादरांना सांगतो.

१ ते ८ नोव्हेंबर मात्र चुकवू नका. या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी, अगदी मनातल्या मनातही, प्रार्थना केली की पूर्ण इन्डल्जन्स, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळतो, दिवसाला एक. तो मृतांसाठीच असतो, स्वतःसाठी ठेवता येत नाही. सोबत पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची जराही ओढ नसणं. ही शेवटची अट कुणी विचारत नाही, आणि अवघड तीच!

कबरीवर झेंडू वाहा, मेणबत्त्या लावा, पण नाव घेऊन प्रार्थनाही करा: "हे प्रभो, यांना चिरशांती दे." त्यांच्याकडून निरोप मागवणं, प्लँचेट वगैरे, चर्चला साफ नामंजूर. आपण मागायचं ते त्यांच्यासाठी, देवाकडे. देवाच्या कृपेत मेलेल्या पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते, ही कॅथलिक श्रद्धा. बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, ज्यूंचा सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी वर्गणी काढून यरुशलेमेला पाठवतो, तो आधार.

माझी भाची नगरकडच्या प्रोटेस्टंट घरात दिली आहे. त्यांच्या बायबलात हे पुस्तक नाही, आणि मरणानंतर माणसाचा निवाडा ठरलेला, मग मागायचं काय, असं ते म्हणतात. अशा घरात वाद घालू नका. स्तोत्र २३ एकत्र वाचा, गेलेल्या माणसाच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार माना. त्यात त्यांनाही अडचण नसते. जपमाळ आपली आपण, नंतर.

तिने मला विचारलं होतं, सासऱ्यांसाठी मिस्सा लावता येईल का? येते. जिवंत असो वा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करायला फादर मोकळे आहेत; शेजारच्या हिंदू काकूंसाठीसुद्धा. फक्त चिठ्ठीवर नाव वाचता येईल असं लिहा. "आमचे दादा" एवढंच लिहिलं तर फादरांनी वेदीवरून काय वाचायचं?