खात्यातल्या खुर्च्या रिकाम्या होतात तेव्हा धंद्याचा हिशेब कसा बदलावा

गोव्यात सरकारी नोकरकपात दवंडी पिटून येत नाही. कायम कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. काम शेजारच्या कारकुनाकडे अतिरिक्त ताबा म्हणून जाते, नाहीतर कमी पगारावर कंत्राटी माणूस येतो. खात्याला माल पुरवणारे, परवान्यांवर चालणारे आणि पणजी-पर्वरीत कर्मचाऱ्यांच्या जेवणावर जगणारे, सगळ्यांना याची झळ लागते. बहुधा आधी बिले अडकतात, मग परवाने. गिऱ्हाईक हळूहळू आटते.

पहिले काम म्हणजे आपला धंदा ज्या सरकारी खात्यावर चालतो त्याची नाडी बघणे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक खात्याने कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून जाहीर करायची असते. ती मिळाली नाही तर १० रुपये शुल्क भरून अर्ज करा; उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि येत्या दोन वर्षांत निवृत्त होणारे किती, एवढेच विचारा. बिले तपासणाऱ्या टेबलावरचाच माणूस निवृत्त होणार असेल, तर नवी ऑर्डर घेण्याआधी दोनदा विचार करा.

आता बिले. धंदे बुडतात ते इथेच, म्हणून आकडा मांडून बघा. महिन्याला ८०,००० रुपयांचा पुरवठा आहे आणि पैसे ४५ दिवसांऐवजी १२० दिवसांनी येऊ लागले, तर अडकलेली रक्कम १ लाख २० हजारांवरून ३ लाख २० हजारांवर जाते. वरचे २ लाख बँकेकडून १२ टक्क्यांनी घेतले की महिन्याला २,००० रुपये व्याज. नफा ८ टक्के, म्हणजे ६,४०० रुपये असेल, तर त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. पुढचा दर भरताना हे व्याज त्यात धरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, ऑर्डर मिळण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी कराराच्या मुदतीत पैसे मिळायला हवेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर २ लाखांवर तीन महिन्यांचे सुमारे ८,३६० रुपये होतात. दाद एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर मागता येते. एक अडचण मात्र आहे: नुसता माल विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँककर्जाच्या सवलतीपुरती, उशिराच्या व्याजाचा हक्क तिच्यातून येत नाही. अशांनी माल लहान हप्त्यांत द्यावा आणि मागचे बिल सुटल्याशिवाय पुढचा हप्ता उतरवू नये.

डिलिव्हरी चलनावर तारीख, सही, शिक्का आणि आवक क्रमांक त्याच दिवशी घ्या. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खात्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. पोच नसेल तर नव्याने ताबा घेतलेला कारकून म्हणतो, "फाईल आमच्याकडे आलीच नाही." तो खोटे बोलतो असे नाही, त्याला खरोखरच काही सापडत नसते. म्हणून प्रत्येक कागदाचा दुसरा संच जवळ ठेवा.

सरकारी खात्याकडून पैसे येईपर्यंत जीएसटी थांबत नाही. बिल काढले की कर देय होतो, पैसे आलेले असोत वा नसोत. सेवा देणाऱ्याला काम संपल्यापासून ३० दिवसांत बिल काढायची मुभा आहे. कामाची तपासणी त्या काळात उरकून घ्या. अडीच लाखांवरच्या कंत्राटात खाते २ टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापते. माणसे कमी पडली की खात्याचे करविवरण भरायचे राहते आणि तुमची कापलेली रक्कम जीएसटी पोर्टलवर दिसत नाही. दर महिन्याला बघा, दिसली की लगेच स्वीकारा.

परवान्यांसाठी गोव्यात २०१३ चा कालबद्ध सेवा कायदा आहे. अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असते आणि ती चुकली तर अपील करता येते. पण घड्याळ सुरू होते ते अर्ज पूर्ण असेल तरच. एका पंचायत सचिवाकडे दोन पंचायती असतील तर तो कुठल्या दिवशी कुठे बसतो ते लिहून ठेवा आणि नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी द्या.

खानावळवाल्यांनी रोजच्या ताटांची नोंद ठेवावी. सलग तीन महिने ताटे घटली तर भात आणि माशांची खरेदी त्या प्रमाणात कमी करा, ताटातला तुकडा लहान करू नका. कंत्राटी कामगाराचा पगार मागेपुढे होतो, म्हणून त्याची उधारी महिन्याऐवजी आठवड्याची ठेवा.

एक दार मात्र उघडते. सरकारी भरती आटली की वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांकडे आणि दुकानांकडे शिकलेल्या मुलांचे अर्ज वाढतात. तेवढ्यावरून सुरुवातीचा पगार पाडू नका. सरकारी भरतीची पहिली जाहिरात निघाली की तीच मुले आधी जातील. हिशेब आणि जीएसटीचे काम दोघांना शिकवून ठेवा, आणि नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहा.