आईला वाचून दाखवलं, तेव्हा सुटलं

माझं लिखाण अडायचं ते पहिल्याच ओळीवर. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात रात्री लाइट असते-नसते, त्यात मी पहिलं वाक्य दहादा खोडायचो. मग वही बंद.

एकदा कापसावरच्या बोंडअळीवर लिहीत होतो: 'निसर्गाच्या क्रूर प्रकोपाने बळीराजा हवालदिल...' आई वाती वळत बसली होती, तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "कोनाचं लिवलं हे? डोमकळी पाह्यली तं तेच लिव ना बापा." खरंच की! गुलाबी अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, मिटल्या गुलाबासारख्या राहतात, तीच डोमकळी. पुढं बोंडात शिरून सरकी खाते. हे मी रोज वावरात बघत होतो, लिहीत मात्र नव्हतो.

तेव्हापासून पहाटे 5 ते साडेपाच, वावरात जायच्या आधी, एकच पान. खोडायचं नाही. (पहिला आठवडा हात नुसता शिवशिवायचा.) खोडाखोड चार दिवसांनी, मोठ्यानं वाचून, जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडतो. विशेषणं बहुतेक जातात. वऱ्हाडी शब्द ठेवतो. पऱ्हाटीला 'कापसाचे रोपटे' म्हणणं बंद केलंय.