ड्रेन बोल्टला पाना लावण्याआधी: घरी एटीएफ बदलण्याची तयारी

तेल भरण्याचा बोल्ट सुटतो का, हे आधी पाहायचं. रिकामं करण्याचा बोल्ट त्यानंतर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजेच एटीएफ, घरी बदलताना सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: खालचं तेल घमेल्यात उतरतं आणि मग कळतं की भरण्याचा बोल्ट गंजून बसलाय किंवा त्याचे कोपरे गोल झालेत. गिअरबॉक्स कोरडा, त्यामुळे गाडी चालवत गॅरेजला नेणंही शक्य नसतं. म्हणून कामाच्या दोन दिवस आधी, गिअरबॉक्स थंड असताना, हा बोल्ट एकदा सैल करून परत आवळून ठेवा. सुटत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या.

त्याहून आधी एक गोष्ट पक्की करायची: गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे? मागच्या दारावर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलं म्हणजे आत एटीएफच असतं असं नाही. मारुतीच्या एजीएस (गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्यांमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्यात गिअर ऑइल असतं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं तेल वेगळं. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) सीव्हीटीचंच तेल लागतं, ड्युअल क्लचला त्याचं. ही यादी टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या ऑटोमॅटिकची आहे. इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक हे आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण.

तेलाच्या बाबतीत तडजोड नको. टोयोटाच्या या गिअरबॉक्सला डब्ल्यूएस नावाचं तेल, ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्याला एसपी-४, झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला झेडएफचं स्वतःचं किंवा त्यांनी मान्य केलेलं. लाल रंग दिसला म्हणजे सगळं एकच, हा समज चुकीचा आहे. रंग फक्त गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो. आतल्या क्लच प्लेट किती घासत पकड घेतात हे तेलातल्या रसायनांवर ठरतं, आणि ती चुकली की गिअर धक्क्याने पडतो किंवा लॉकअप होताना (टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच पकड घेताना) गाडी थरथरते. ‘लाइफटाइम फिल’ (तेल कधीच बदलायला नको) या शब्दांवरही विसंबू नका. खुद्द झेडएफ वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. घाट, ट्रॅफिक आणि भरलेली गाडी हा रोजचा वापर असेल तर यातला कमी आकडा धरावा.

किती लिटर आणायचं? एका वेळी सगळं तेल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. समजा एकूण ९ लिटर मावतं आणि एका वेळी ३ लिटर उतरतं. मग पहिल्या वेळी ३३ टक्के तेल नवं होईल, दुसऱ्या वेळी सुमारे ५६, तिसऱ्या वेळी ७०. चौथ्या वेळेचा फायदा खर्चाच्या मानाने थोडा. म्हणून दोन किंवा तीन फेऱ्या, मध्ये काही दिवस गाडी चालवून, हा घरी करण्याजोगा मार्ग आहे. प्रत्येक फेरीला निघणाऱ्या तेलापेक्षा किमान एक लिटर जास्त हाताशी असू द्या, कारण पातळी तपासताना थोडं वाहून जाणारच. कूलरची नळी सोडवून इंजिन चालू ठेवून सगळं तेल बदलण्याची पद्धत पहिल्यांदा करणाऱ्याने टाळलेली बरी. काही सेकंद जरी पंप कोरडा फिरला तरी नुकसान होतं.

तेलाबरोबर नवे वॉशर घ्या, जुने दाबून दाबून चपटे झालेले असतात. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टने लावलेला तेलाचा ट्रे) उतरवणार असाल तर गॅस्केट, फिल्टर आणि फिल्टरच्या मानेची ओ-रिंग. ही ओ-रिंग अनेकदा आतल्या भोकातच चिकटून राहते. ती न काढता नवी बसवली तर पंप हवा ओढतो. काही झेडएफ गिअरबॉक्समध्ये चेंबर प्लास्टिकचं आणि फिल्टर त्यातच असतो, तिथे अख्खं चेंबरच नवं घ्यावं लागतं.

हत्यारांमध्ये योग्य मापाची सॉकेट आणि ॲलन की आधीच बोल्टला लावून पाहा. एटीएफच्या बोल्टला जवळपासच्या मापाचा पाना लावला की कोपरे गेलेच. टॉर्क रेंच लहान हवा. चेंबरचे बोल्ट साधारण ७ ते १० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात, आणि चाकाच्या नटांसाठीचा मोठा रेंच इतक्या कमी आकड्यावर भरवशाचा नसतो. जास्त आवळलं तर चेंबरची कड वाकते आणि गळती सुरू होते, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे जातात. भरण्यासाठी हातपंप किंवा नवाकोरा फवारणी पंप आणि दोन हात लांब पारदर्शक नळी लागेल. भोक बाजूला असतं, नरसाळं तिथे पोचत नाही. लिटरच्या खुणा असलेलं भांडं हवंच. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलण्यासाठी तेल वळवणाऱ्या बारीक वाटांच्या भागात) जाऊन अडकतात. धुतलेला सुती कपडाही तंतू सोडतो, मायक्रोफायबर किंवा कागदी टॉवेल घ्या.

आता तापमान. सगळ्या तयारीत आमचा सर्वाधिक आग्रह याच मुद्द्यावर आहे. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी ठरते ती ओव्हरफ्लोच्या भोकातून: इंजिन चालू, तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपास, आणि भोकातून धार थांबून थेंब थेंब पडू लागले की बोल्ट बंद. तेल तापलं की फुगतं. ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ टक्के. ८० अंशांवर तपासलंत तर फुगलेलं तेल वाहून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी पडते. थंड असताना तपासलंत तर उलट, जास्त भरलं जातं. कमी तेलात पंप हवा ओढतो, गिअर उशिरा लागतो, क्लच जळतात. जास्त तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) बाहेर येतं.

यावरून कामाची वेळ ठरते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी उन्हात उभ्या गाडीचा गिअरबॉक्स इंजिन सुरू करण्याआधीच ४० अंशांच्या वर असतो. तिथे पातळी तपासायची मुभाच उरत नाही. काम पहाटे धरा, आदल्या रात्री गाडी उभी ठेवून.

तापमान मोजायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) घेतलात तर तो कामाआधीच जोडून बघा. इंजिनचं तापमान स्वस्तातला स्कॅनरही दाखवतो, पण गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा बहुधा कंपनीनिहाय वेगळ्या कोडमध्ये असतो आणि प्रत्येक ॲपला तो वाचता येत नाही. लेझरवाला थर्मामीटर चेंबरच्या पत्र्याचं तापमान देतो, जे आतल्या तेलापेक्षा काही अंश कमी असतं. दुसरा उपाय नसेल तर हे लक्षात ठेवून वापरा.

जागा सपाट आणि उघडी हवी. सोसायटीच्या तळघरात इंजिन चालू ठेवून गाडीखाली झोपणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फक्त पुढची चाकं रॅम्पवर चढवून पातळी तपासता येत नाही, गाडी चारही बाजूंनी समांतर पाहिजे. जमिनीपासून उंच गाडीखाली न उचलताही शिरता येतं, आणि तसं जमत असेल तर तेच उत्तम. उचलायचीच असेल तर चार जॅक स्टँड, कडक जमिनीवर. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर कधीच नाही. वीट सूचना न देता फुटते. चाकं अधांतरी असतील तर डी लावल्यावर ती फिरतील. म्हणून सीटवर दुसरं माणूस, ब्रेकवर त्याचा पाय, आणि तेल सगळीकडे पोचावं म्हणून गिअर पी-आर-एन-डी असे प्रत्येकी काही सेकंद फिरवताना गाडीखाली कुणीही नाही. पी वर परत आल्यावरच खाली जायचं.

ड्रेनचा बोल्ट कोणता, ओव्हरफ्लोचा कोणता, हे पुस्तिकेतल्या चित्रावरून खडूने खूण करून ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एकाच भोकात असतात: बाहेरचा बोल्ट काढल्यावर पेलाभर तेल येतं आणि थांबतं, कारण आत ओव्हरफ्लोची नळी असते. ती ॲलन कीने फिरवून काढली की खरं तेल उतरतं. ही नळी परत बसवायला विसरलात तर भरलेलं सगळं तेल पातळी तपासतानाच खाली येईल. काही ठिकाणी ती प्लास्टिकची असते, हलक्या हाताने बसवा.

निघालेलं तेल मोजल्याशिवाय बाजूला ठेवू नका. जेवढं निघालं तेवढं आधी भरायचं, मग पातळी. चेंबरमधल्या चुंबकांवर करडा मऊ लेप असणं नेहमीचं. चकाकणारे तुकडे किंवा पत्रीसारखे कण दिसले तर गिअरबॉक्स आतून झिजतोय, नव्या तेलाने ते थांबणार नाही. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल तर ब्रीदरमधून पाणी गेलं असू शकतं, नाहीतर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय. अशा वेळी काम तिथेच थांबवा आणि गाडी टो करून न्या.

जुन्या तेलासाठी झाकणाचे रिकामे डबे आधीच ठेवा. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी नाही, पुनर्प्रक्रियेसाठी तेल देणाऱ्या गॅरेजला द्या. किलोमीटर, तारीख आणि किती मिलीलिटर निघालं-भरलं हे वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून बोल्टच्या खाली लाल ठिपका आहे का ते बघा.