स्पिटफायर बघायला चाललात? मग आधी तिकीट काढा

उन्हाळा लागला की युकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचे मेसेज सुरू होतात, ती स्पिटफायरसारखी महायुद्धातली जुनी विमानं उडवतात तो शो कुठे असतो रे, आणि लगेच पुढचा प्रश्न, बाहेरून फुकट दिसतं का. दिसतं ना. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं, एका एअरफील्डच्या मागच्या रस्त्याला झुडपांना चिकटून गाडी लावली, पोह्यांचा डबा घेतला आणि मित्र आणि मी दोन तास माना वर करून उभे. स्पिटफायर दिसलं, पण तेही एकदाच आणि सूर्यासमोरून, बाकी सगळं झाडांच्या मागे. एक विमान मात्र वळताना डोक्यावरून इतकं खालून गेलं की खालचे तेलाचे ओघळ दिसले. आम्ही जाम खूश. आपण उभे होतो ती जागाच चुकीची होती हे कळायला पुढे काही वर्षं गेली.

कळलं ते शोरहॅममुळे. २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शोरहॅमचा एअर शो, आणि विमान हॉकर हंटर, म्हणजे १९७१ ला लोंगेवालात आपल्या हवाई दलाने वापरलं तेच. विमान लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारायला वर गेलं पण सुरुवातीलाच वेग कमी होता, इंजिनाचा जोरही पुरा लावलेला नव्हता, त्यामुळे लूपच्या टोकाला किमान ३५०० फूट उंची पाहिजे तिथे साधारण २७०० फुटांवरच पोचलं. तिथून खाली वळायला जागाच उरली नव्हती आणि ते थेट ए-२७ हायवेवर आलं. ११ माणसं गेली आणि अकराही मैदानाबाहेरची. कोणी गाडीत होतं, कोणी आपल्या कामाला चाललेलं, आणि काही जण चौकात उभं राहून शो बघत होते. आम्ही उभे होतो तसेच.

यातली गोम अशी आहे की शोचे सगळे नियम आतल्या गर्दीला धरून बनलेत. १९५२ ला फार्नबरोच्या शोमध्ये डी हॅविलंड ११० हे जेट हवेत फुटलं, इंजिन गर्दीत पडलं, २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले. त्यानंतर नियम कडक झाले, गर्दीपासून ठरलेल्या अंतरावर एक रेषा असते आणि विमान त्या रेषेच्या पलीकडेच राहायला हवं, वेग जास्त आणि कसरत अवघड तितकं अंतर जास्त. पण रेषेच्या पलीकडे, जिथे विमान वळतं आणि लूपमधून खाली येतं, तिथेच ती फुकटची जागा असते! शोरहॅमनंतर सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीने, म्हणजे इथल्या विमान वाहतूक खात्याने, नियम अजून आवळले, बाहेर जमणाऱ्या लोकांचाही विचार आयोजकाला करावा लागतो, म्हणून हल्ली शोच्या दिवशी आजूबाजूचे रस्ते, फूटपाथ बंद दिसतात. तिथला माणूस तुम्हाला पुढे जा म्हणाला तर वाद घालू नका, निमूट पुढे जा.

आता कुठे जायचं. माझं ऐकाल तर पहिला शो ओल्ड वॉर्डनचा, बेडफर्डशायरमधलं शटलवर्थ कलेक्शन. ट्रेनने बिगल्सवेड, तिथून टॅक्सी. गवताचा रनवे, छोटी जागा, विमानं अगदी जवळून दिसतात आणि प्रेक्षकांची रेषा जरा वाकडी असल्यामुळे विमान वळत येतं तेव्हा त्याची वरची बाजू दिसते, फोटोवाले त्यासाठीच मरतात. इथे १९०९ चं ब्लेरियो विमान आहे, मूळ इंजिनासकट, आणि ते अजून जमिनीवरून उठतं. उठतं म्हणजे काय, सरळ एक उडी मारतं आणि पुन्हा गवतावर टेकतं, पण तेवढ्यासाठी लोक तासन्‌तास थांबतात. वारा जरा जरी असला तर ते बाहेरच काढत नाहीत, म्हणून जमलं तर संध्याकाळचा शो घ्या, सूर्य कलला की वारा पडतो आणि मग ही म्हातारी मंडळी बाहेर येतात. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ पपसारख्या विमानांत आख्खं इंजिनच प्रोपेलरबरोबर गरागरा फिरतं आणि त्यात तेल कुठलं, तर एरंडेल. अर्धवट जळून मागे उडतं, पायलटच्या तोंडावर, पंखांवर. वाऱ्यावर तो वास आला ना, की लहानपणी नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो, माझी बायको तर दोन पावलं मागे सरकली.

दुसऱ्या महायुद्धाचं वेड असेल तर केंब्रिजजवळचं डक्सफर्ड, स्टेशन व्हिटल्सफर्ड पार्कवे. तिथे प्रेक्षक रनवेच्या उत्तरेला, म्हणजे तोंड दक्षिणेला आणि दिवसभर ऊन डोळ्यांवर, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन न्याच, इंग्लंडचं ऊन काय लागणार म्हणून मी गेलो होतो आणि टोमॅटो होऊन परत आलो. लँकॅस्टर, म्हणजे चार इंजिनांचं बॉम्बर, बघायचं असेल तर कार्यक्रमात बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या ब्रिटिश हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीचं नाव शोधा, उडणारी लँकॅस्टर जगात दोनच, एक यांचं कोनिंग्जबीला आणि दुसरं कॅनडात. जुनं विमान जिवंत ठेवणं काय असतं ते आपल्या हवाई दलाच्या जुन्या डकोटावरून कळेल, ‘परशुराम’ नावाचं ते विमान इथे युकेतच दुरुस्त झालं आणि २०१८ ला कॉव्हेंट्रीहून उडत उडत भारतात गेलं.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आणि अमुक एक विमान उडेलच असं धरून जाऊ नका. आडवा वारा, खाली आलेले ढग, सकाळी सापडलेली एखादी गळती, कुठलंही कारण पुरतं, आणि विमान आलं नाही तर चिडून तिथल्या व्हॉलंटियरला बोलू नका, नको म्हणणारा पायलटच चांगला पायलट. शोमध्येही फ्लाइंग डिस्प्ले डायरेक्टर म्हणून एक माणूस पूर्ण वेळ आकाशाकडे बघत असतो, काही खटकलं की रेडिओवर ‘स्टॉप स्टॉप स्टॉप’ म्हणतो आणि पायलटला कसरत तिथेच थांबवावी लागते. मधेच एखादं विमान गुपचूप निघून गेलं तर समजायचं. (स्कॅनर, म्हणजे रेडिओ पकडायचं यंत्र, घेऊन हे रेडिओवरचं ऐकणारे पुष्कळ भेटतील, पण आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं इथे कायद्यात बसत नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा.) ड्रोन घरी ठेवा. पोरांना कानावर लावायचे ते इअर डिफेंडर न्या, स्पिटफायरच्या आवाजाला पोरं हसतात पण जेट आलं की रडारड. शोच्या आधी विमानांजवळ फिरू देतात तेव्हा प्रोपेलरला हात लावायचा नाही, बंद असला तरी, कारण बंद दिसणारं इंजिन कधीकधी हाताने फिरवल्यावरही पेटतं.

आणि नकोच, पण समोर अपघात झालाच तर जागेवर थांबा, लाउडस्पीकरवर सांगतील तसं करा, गाडीकडे धावू नका, कारण ॲम्ब्युलन्सला तोच रस्ता लागतो. व्हिडिओ असेल तर ग्रुपवर टाकू नका, पोलिसांकडे किंवा अपघात तपासणाऱ्यांकडे द्या, शोरहॅमच्या तपासात लोकांचे फोटो-व्हिडिओही कामाला आले.

फोटोचं एकच सांगतो, प्रोपेलरवाल्या विमानाला शटर एक भागिले अडीचशे सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून हळू ठेवा. हजारवर ठेवलंत तर पाती थिजल्यासारखी दिसतात, विमान दोरीने टांगलेलं वाटतं. पहिले शंभर फोटो हललेले येणार, येऊ द्या.

दोन सीटच्या स्पिटफायरमध्ये बसायला मिळतं का, हेही विचारतात. मिळतं, हजारो पौंड मोजून. पण आधी एक कागद सहीला येतो, की हे विमान रोजच्या प्रवासी विमानाच्या सुरक्षेच्या मापात बसत नाही हे मला कळलंय. तो कागद नीट वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या आणि मग ठरवा. माझी सही अजून झालेली नाही, पैसे हेही एक कारण आहेच.

शो संपला की सगळे एकदम पार्किंगकडे पळतात आणि मग तासभर गवतात अडकतात. तुम्ही थर्मासमधला चहा काढा. ओल्ड वॉर्डनला मी हँगरच्या बाजूला जाऊन उभा राहतो, मेकॅनिक फडकं घेऊन पंखाखालचं एरंडेल पुसत असतात, इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवलेला असतो आणि त्यात थेंब थेंब तेल पडत असतं.