बाथरूमची फरशी बदलताना या चुका टाळा

आमच्या बाथरूमची फरशी बदलून जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका रविवारी सकाळी बोलावून घेतले आणि त्यांच्या न्हाणीघराचे छत दाखवले. आमच्या बाथरूमचे पाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली पिवळसर कडांचा ओला डाग पसरला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि गिलाव्याला हात लावला की तो भुसभुशीत होऊन बोटांना लागत होता. फरशी तर आम्ही दुकानातली सर्वांत चांगली, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सांगितलेली घेतली होती. पुढच्या आठवड्यात ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या काढल्या, तेव्हा खालचा वाळू-सिमेंटचा थर काळ्या चिखलासारखा झालेला निघाला. ट्रॅपच्या पाइपासाठी स्लॅबमध्ये जे भोक फोडले होते, त्यात पाइपाभोवती एक बोट जाईल एवढी फट होती आणि ती सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून, वरून माल फासून बुजवलेली होती. फरशीचे नमुने पाहण्यासाठी मी चार दुकाने हिंडलो होतो, पण त्या भोकात काय भरले जात आहे हे पाहायला एकदाही वाकलो नव्हतो.

त्यानंतर ते काम नव्याने करून घेताना जे शिकावे लागले, ते फरशी निवडायला निघालेल्या प्रत्येकाला आधी कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

फरशीलाच वॉटरप्रूफ समजणे

व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, हे खरे आहे. भिंतीसाठी बनवलेली साधी सिरॅमिक टाइल मात्र दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणी पिते, म्हणून स्वस्त मिळते एवढ्यासाठी भिंतीची टाइल जमिनीवर कधीही लावू नये. दुकानात शंका आली तर टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते पटकन जिरले तर ती टाइल जमिनीची नव्हे.

परंतु टाइल कितीही चांगली असली तरी जमीन केवळ टाइलची नसते, ती सांध्यांचीही असते. चार फूट बाय सहा फूट बाथरूममध्ये एक फुटी टाइल लावल्या, तर मधल्या सांध्यांची लांबी 38 फूट भरते आणि भिंतीकडेचे 20 फूट धरले तर ती 58 फुटांवर जाते. हे सांधे साध्या सिमेंटच्या ग्राउटने भरलेले असतील तर त्यांतून रोज थोडे थोडे पाणी खाली उतरते. अंघोळीला बसून तांब्याने पाणी घेणाऱ्या, बादल्या उपसणाऱ्या आणि तिथेच कपडे धुणाऱ्या आपल्या घरांत तर ते अधिकच उतरते. ते पाणी अडवायचे काम फरशीच्या खालचा वॉटरप्रूफिंगचा थर करतो, आणि म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते वरच्या नक्षीत वाचवावेत, त्या थरात वाचवू नयेत.

वॉटरप्रूफिंग झाले की नाही हे न पाहता टाइल चढवू देणे

स्लॅब स्वच्छ झाडून, भेगा आणि पाइपांची भोके नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणाऱ्या) ग्राउटने भरून, भिंत आणि जमीन मिळतात त्या कोनात मालाची गोलाई देऊन मगच लेप मारावा. कोनात काटकोन तसाच ठेवला तर लेप नेमका तिथेच चिरतो, म्हणून गोलाईवर फायबरच्या जाळीची पट्टी बसवणेही आवश्यक आहे. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटी लेपाचे किमान दोन हात द्यावे लागतात. दुसरा हात पहिला वाळल्यावर आणि पहिल्याच्या आडव्या दिशेने ओढावा. लेप जमिनीवरच न थांबवता भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या भिंतींवर साधारण सहा फुटांपर्यंत न्यावा, तसेच ट्रॅपच्या तोंडाच्या आत वळवून घ्यावा. आमच्याकडे हे शेवटचे काम झालेच नव्हते.

यानंतरची पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच टाळली जाते. ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी साठवावे, भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ मारावी आणि किमान 48 तास ते पाणी तसेच राहू द्यावे. या काळात वाफ होऊन पातळी किंचित उतरेल, त्याची काळजी नको. खालच्या घरात जाऊन छत मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मिस्त्री घाईत असतो, त्याला पुढच्या घरी जायचे असते आणि ‘साहेब, गॅरंटी माझी’ असे तो मनापासूनही म्हणतो, तरीही या दोन दिवसांवर तडजोड करू नये. पाणी काढल्यानंतर लगेच टाइलच्या खालचा थर घालून लेप झाकून टाकावा, कारण उघड्या लेपावर घमेली, फावडी आणि बूट फिरले की तो खरवडला जातो.

याच टप्प्यावर आणखी एक घोळ होतो. लेप झाल्यावर प्लंबर येतो, गिझरचा किंवा शॉवरचा पॉइंट थोडा सरकवायचा म्हणून भिंत फोडतो आणि झरी, म्हणजे पाइपासाठी पाडलेली खाच, साध्या सिमेंटने बुजवून जातो. त्यामुळे सर्व पाइप टाकून, त्यांची दाबाखाली चाचणी घेऊन झाल्याशिवाय लेपाचे काम सुरूच करू नये. कमोड जमिनीवर स्क्रूने बसवणार असाल तर ती भोके लेपातून आरपार जातात हे लक्षात ठेवून प्रत्येक भोकात सिलिकॉन भरून घ्यावे. भिंतीवरचा कमोड घेतला तर ही काळजी उरत नाही.

मोठी टाइल आणि हरवलेला उतार

सध्या दोन बाय दोन फुटांच्या, किंबहुना त्याहूनही मोठ्या टाइल बाथरूममध्ये लावण्याची हौस आहे, कारण सांधे कमी दिसतात. परंतु ट्रॅप कोपऱ्यात किंवा मध्ये असेल तर पाण्याला दोन-तीन बाजूंनी तिकडे वळावे लागते आणि एवढी मोठी ताठ टाइल दोन दिशांना वाकू शकत नाही. मग एक तर ती कर्णावर कापावी लागते किंवा ट्रॅपपाशी पाणी पोहोचतच नाही आणि कमोडच्या मागे तळे साचते. एक फुटी टाइलमध्ये उतार सहज वळवता येतो. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब जाळीची नाली घ्यावी, म्हणजे सगळी जमीन एकाच दिशेने उतरती करता येते.

उतार दर मीटरला 10 ते 15 मिमी असावा. तो नुसत्या नजरेने ठरवू न देता लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून घ्यावा आणि टाइल पक्क्या होण्याआधी दारापाशी तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते हे पाहावे. त्याच वेळी चूक सापडली तर टाइल हाताने उचलता येते; दुसऱ्या दिवशी छिन्नी लागते.

चकचकीत फरशी आणि पाय घसरणे

घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर हा मुद्दा मला रंग, नक्षी आणि किंमत या सर्वांपेक्षा मोठा वाटतो. टाइलच्या खोक्यावर आर 9, आर 10, आर 11 असे आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. ही जर्मन पद्धतीची प्रतवारी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालण्याच्या चाचणीवरून ठरते. ओल्या जमिनीवर अनवाणी चालण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे आणि तिच्यात सी ची पकड सर्वांत चांगली असते. आपण बाथरूममध्ये अनवाणीच जातो, त्यामुळे ही दुसरी खूण विचारून घ्यावी. ती मिळाली नाही तर मॅट पृष्ठभागाची, किमान आर 10 ची टाइल घ्यावी. नमुना घरी आणून ओला करावा, साबणाचा हात फिरवावा आणि त्यावर उभे राहून पाहावे. मात्र फार खडबडीत टाइलही घेऊ नये, कारण तिच्या खाचांत साबण आणि क्षार बसतात आणि मग ती बुळबुळीत होते.

दगड, लॅमिनेट आणि एसपीसी

मोरीत शहाबादी फरशी आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत आणि कोटाही टिकाऊ आहे, पण हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवराप्रमाणेच त्यांच्यावर आम्ल पडले की पृष्ठभाग खाल्ला जातो. घासून पॉलिश केलेला कोटा ओला झाला की निसरडाही होतो.

लॅमिनेटची लाकडी पट्टी बाथरूमच्या दाराजवळच्या पॅसेजमध्येसुद्धा लावू नये. तिचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो आणि ओल्या पायांचे पाणी सांध्यात गेले की कडा फुगून वर येतात. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांपासून बनवलेल्या पट्ट्या स्वतः फुगत नाहीत, म्हणून हॉल आणि बेडरूमसाठी त्या चांगल्या आहेत. परंतु पाण्याची बादली ओतण्याच्या जागी सांध्यांतून खाली गेलेले पाणी तिथेच कोंडून राहते आणि वास मारू लागतो.

टाइल लावताना आणि नंतर

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडेसिव्ह लागते आणि ते दातेरी थापीने सगळीकडे पसरवावे लागते. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबली तर खाली पोकळी राहते आणि त्या पोकळीत पाणी साठते. काम संपल्यावर नाणे घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करावी. जिथे पोकळ आवाज येईल ती टाइल पैसे चुकते करण्यापूर्वी बदलून घ्यावी. सांधे न ठेवता टाइलला टाइल चिकटवण्याचा आग्रह धरू नये. दोन-तीन मिमीची फट ठेवून तीत इपॉक्सी ग्राउट भरावे. ते महाग आहे आणि सुकण्याआधी पुसून घेण्याचे कष्ट मागते, पण ते पाणी शोषत नाही.

इतके सगळे करून पुढे दर आठवड्याला ॲसिडने फरशी धुतली, तर सिमेंटी ग्राउट विरघळत जाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर अंघोळीनंतर वायपर फिरवण्याची सवय लावावी.

जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी चढवण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. खाली ओल नसेल आणि जुन्या टाइल घट्ट असतील तर ते चालते, पण जमीन एक ते दीड सेंटिमीटरने वर येते आणि उंबऱ्याची उंची तेवढीच घटते, हे मोजून पाहावे. गळती असताना असे करणे म्हणजे तिच्यावर झाकण घालणे आहे.

गळती सुरू झालीच असेल तर

हातोडा घेण्यापूर्वी पाणी कुठले आहे ते शोधावे. बाथरूम दोन दिवस वापरले नाही तरी खालचा डाग ओलाच राहत असेल तर दाबाच्या पाइपावर संशय घ्यावा. बाथरूमचा कॉक बंद केल्यावर थेंब थांबले तर तो खरा ठरतो. वापर थांबवल्यावर डाग सुकू लागत असेल तर दोष जमिनीत, ट्रॅपमध्ये किंवा कमोडच्या सांध्यात असतो. या तिघांत फरक करण्यासाठी एकेका ठिकाणी वेगवेगळा खाण्याचा रंग मिसळलेले पाणी सोडून काही दिवस खाली लक्ष ठेवावे. दोष सांध्यांपुरता असेल तर जुने ग्राउट खरवडून इपॉक्सी भरल्याने काम भागते; ट्रॅपचा असेल तर तेवढा भाग फोडावाच लागतो.

घराचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर फरशीला हात लावण्याआधी बिल्डरला लेखी कळवावे. 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार या काळात दाखवून दिलेला बांधकामाचा दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि आपण आधीच फोडाफोड केली असेल तर दोष कोणाचा यावर वाद होतो. जुन्या सोसायटीत संडास-बाथरूमच्या अंतर्गत गळतीचा खर्च सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) त्या सदस्याचाच असतो.

आमच्या दुरुस्तीनंतर पाणी भरून ठेवले, त्या दोन दिवसांत मी काकूंकडे चार वेळा जाऊन छत पाहिले. नवीन ओल आली नाही, पण जुना डाग सुकायला जवळजवळ दोन महिने लागले. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी हळूहळूच बाहेर येते, म्हणून खालच्या घरात रंग लावून देण्याची घाई करू नये. आम्ही छत हाताला पूर्ण कोरडे लागल्यावर सुटलेला गिलावा काढून नवा केला आणि तो वाळल्यावरच रंगाचा डबा उघडला.